स्नॅक्स की स्नेक्स?

मागच्या महिन्यात तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या गटाचा चकली-शंकरपाळ्यांचा स्टॉल होता. आमच्या एक ताई शहरातून आलेल्या पाहुण्यांना म्हणाल्या, "आमचं स्नेक्स सेंटर आहे." पाहुणे हसले. स्नॅक्स म्हणजे खाऊ आणि स्नेक्स म्हणजे साप! त्या दिवसापासून ताईंनी गिऱ्हाइकाशी बोलणंच सोडलं. पुडे बांधतात, पैसे मोजून घेतात, बोलायला मात्र लेकीला पुढं करतात. गटात हिशेबाला सगळ्यात पक्क्या त्याच. आम्हाला हे फार लागलं, म्हणून आज हा विषय घेतला.

इंग्रजी चुकलं की माणूस अडाणी, असं आपण धरून चालतो. खरं तर चूक बहुतेक वेळा जिभेच्या सवयीची असते, आणि ती गोऱ्या लोकांचीही होते. पोलंडच्या लोकांचंच बघा. कोल्हापूरकरांना ते अगदी परके नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळीवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यात बायका आणि मुलंच जास्त. पुढं त्याच जागी गांधीनगर वसलं.

पोलिश भाषेत 'ऍ' हा स्वर नाही. इंग्रजी शिकताना ते त्याच्या जागी 'ए' नाहीतर 'आ' म्हणतात. म्हणजे आमच्या ताईंचीच गत! आपल्यालाही हा स्वर मूळचा नाही. इंग्रजी शब्दांसाठी आपण अक्षरावर चंद्र काढायला लागलो, पण हात चंद्र काढतो आणि तोंड विसरतं.

पोलिश लोकांची दुसरी अडचण मात्र आपल्याला नाही. गळ्यावर दोन बोटं ठेवा. आधी 'स्स्स' म्हणा, मग माशी घोंघावते तसं 'झ्झ्झ' म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर लागली ना? ब, द, ड, ग यांनाही ती थरथर असते. प, त, ट, क यांना नसते. पोलिश शब्दाच्या शेवटी थरथरीचं व्यंजन आलं की ती आपोआप विझते. पावाला ते लिहितात 'ख्लेब' आणि म्हणतात 'ख्लेप'. तीच सवय इंग्रजीत शिरते, आणि बॅगची 'बेक' होते. बॅड, बेड, बॅट, बेट हे चार वेगळे शब्द, पण नवशिक्या पोलिश माणसाच्या तोंडून चारही 'बेट' असेच येऊ शकतात. त्यावर उपाय असा, की बॅड म्हणताना आतला स्वर जरा लांबवायचा. इंग्रज माणूसही बॅटपेक्षा बॅडचा स्वर लांबच ठेवतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला शब्द बरोबर कळतो.

'व'ची गंमत उलटी आहे. इंग्रजीत दोन 'व' आहेत. वेट म्हणजे ओलं, व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर. पहिल्याला शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करायचे, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. आपण दोन्हीला एकच 'व' वापरतो. पोलिश भाषेत दोन्ही आवाज आहेत. त्यांच्या एका मोठ्या शहराचं नाव लिहिलेलं बघून आपण 'लॉड्झ' वाचू, ते म्हणतात 'वूच'. पण इंग्रजीत ज्या अक्षराचा गोल ओठांचा 'व' होतो, त्याच अक्षराला त्यांच्याकडं 'व्ह' म्हणतात. म्हणून वाचताना ते फसतात. त्यांची चूक डोळ्याची, आपली ओठाची.

'थिंक'मधल्या 'थ'च्या मागं आम्ही लागणार नाही. इंग्रज जीभ दातांत धरून हवा सोडतो, पोलिश माणूस 'फ', 'स' किंवा 'ट' म्हणतो, आपण सरळ थाळीतला 'थ' म्हणतो. ऐकणाऱ्याला कळतं, तेवढं पुरे. स्नॅक्सचं तसं नाही, तिथं अर्थच बदलतो. म्हणून एवढं करा. हनुवटीखाली हात धरा आणि 'ए' म्हणा. आता जीभ आहे तिथंच राहू द्या, आवाज चालू ठेवून हनुवटी हातावर दाबत खाली न्या. ऐकू येतो तो 'ऍ'.

परवाच्या बैठकीत ताईंनी हे दहा वेळा करून बघितलं. आधी आम्ही सगळ्याच हसलो, मग सगळ्यांनीच हनुवटीखाली हात धरले. येत्या बुधवारी आठवडी बाजारात स्टॉल आहे. लेकीची त्या दिवशी परीक्षा आहे, त्यामुळं बोलायला ताईच आहेत.