काझिमेझचा ज्यू उत्सव कुणाचा?

क्राकोव, पोलंड

उन्हाळा लागला की क्राकोवच्या काझिमेझ भागात ज्यू संस्कृती महोत्सवाची पोस्टरं झळकतात. उत्सवाच्या दिवसांत या जुन्या ज्यू वस्तीत रात्री उशिरापर्यंत क्लॅरिनेट आणि व्हायोलिन घुमत असतं. सिनेगॉगमध्ये मैफली होतात. यिद्दिश भाषेचे वर्ग, कागदी कातरकाम, स्वयंपाकाचे धडे हेही असतं. यानुश माकुख आणि क्शिश्तोफ गेरात यांनी १९८८ मध्ये, कम्युनिस्ट राजवट असतानाच, हा उत्सव सुरू केला. दोघेही ज्यू नाहीत. गाणारे-वाजवणारे पुष्कळदा इस्राएल-अमेरिकेहून आलेले ज्यू असतात, ऐकायला बसलेले मात्र बहुतेक पोलिश, घरचे कॅथलिक. आजचा पोलंड समजून घ्यायचा असेल, तर या गर्दीत येऊन बसावं.

दुसऱ्या महायुद्धाआधी या देशात सुमारे ३३ लाख ज्यू होते, म्हणजे दहा माणसांत एक. क्राकोवमध्ये तर चारांत एक. मार्च १९४१ मध्ये जर्मनांनी क्राकोवच्या ज्यूंना नदीपलीकडे पोदगुझेच्या घेट्टोत कोंडलं आणि दोन वर्षांनी तो घेट्टोही रिकामा केला. कुणाला प्वाशुवच्या छावणीत नेलं, कुणाला आउश्वित्झला. कित्येकांना तिथंच रस्त्यावर गोळ्या घातल्या. काझिमेझचा सुतार-कवी मोर्दखाय गेबिर्तिग जून १९४२ मध्ये घेट्टोतच मारला गेला. यिद्दिश गाण्यांचे गायक आजही त्याची गाणी गातात.

वाचलेल्यांनाही थारा मिळाला नाही. जुलै १९४६ मध्ये किएल्त्से शहरात पोलिश जमावानं ४२ ज्यूंचा जीव घेतला. १९६८ मध्ये सरकारनंच ज्यूविरोधी मोहीम उघडली आणि हजारोंनी देश सोडला. काझिमेझ पडझडीला आलेली, बदनाम वस्ती होऊन बसली. तिथं ज्यूंची गाणी लावायची, असं त्या काळात मनात आणायलाही हिंमत लागत होती.

शेरोका रस्त्यावर सोळाव्या शतकातलं रेमू सिनेगॉग आहे. शेजारच्या दफनभूमीत धर्मशास्त्रकार मोशे इस्सर्लिस यांची कबर आहे. तिथली एक भिंत फुटलेल्या कबरशिलांच्या तुकड्यांची आहे. एका तुकड्यावर पुरोहितकुळाची खूण म्हणून कोरलेले दोन पंजे, दुसऱ्यावर मध्येच तुटलेली हिब्रू ओळ. नाव कुणाचं, ते आता सांगता यायचं नाही. उत्सवातली पोरंपोरी इथून बाहेर पडतात आणि समोरच्या चौकात नाचायला उभी राहतात. हे अनेकांना खटकतं. मला खटकत नाही. नाचाआधी ती भिंतीशी थांबलेली असतात.

खाण्यात तर हा इतिहास अजून जिवंत आहे. शब्बाथला, शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारीच घेवड्याचे दाणे, बार्ली, बटाटे आणि गोमांस एका भांड्यात घालून भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी दुपारी गरम चोलेंत खायचं. याच शब्बाथासाठी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना आपण ‘शनिवार तेली’ म्हणत आलो.

स्वयंपाकाच्या वर्गात कार्प माशाचं काम चालतं. काटे काढून, कांद्याबरोबर बारीक करून त्याचे गोळे वळायचे, प्रत्येकावर गाजराची चकती ठेवायची. इथल्या, म्हणजे गॅलिशिया प्रांतातल्या, ज्यूंचा हात गोड, साखर सढळ. लिथुआनियाकडचे ज्यू त्याच माशात मिरी घालत. बेदाणे-बदामांच्या गोडसर जेलीतला ‘ज्यू पद्धतीचा कार्प’ आज कितीतरी कॅथलिक घरांत नाताळच्या आदल्या रात्री वाढला जातो. शेजारी गेले, त्यांचा मासा पानात राहिला. उत्सवाचं मोल मला इथं दिसतं: आपल्या ताटात कुणाचा वाटा आहे, हे तो पोलिश माणसाला विचारायला लावतो.

हा प्रश्न सगळ्यांना रुचत नाही. नाझी गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राचा हात होता असं म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास देणारा कायदा २०१८ मध्ये इथं झाला. जगभर ओरड झाल्यावर तुरुंगाची तरतूद त्याच वर्षी काढावी लागली. हातात नाणं धरलेल्या दाढीवाल्या ज्यूची चित्रं अजून कितीतरी दुकानांत आणि घरांत, पैसा यावा म्हणून दाराशी टांगलेली दिसतात. हा अपमान आहे, हे टांगणाऱ्याच्या गावीही नसतं. आठवडाभराच्या गाण्यांनी ते बदलायचं नाही.

पण काही बदललंही आहे. २००८ मध्ये काझिमेझमध्ये ज्यू समाजकेंद्र उघडलं. तिथल्या शुक्रवारच्या जेवणाला, आजी ज्यू होती हे चाळिशी-पन्नाशीत कळलेली माणसंही येतात. घरच्यांनी भीतीपोटी दोन पिढ्या ते लपवलं होतं. आज ही माणसं मेणबत्त्यांपुढची प्रार्थना पहिल्यापासून शिकताहेत, आणि शिकवणाऱ्यांशेजारी केंद्राचे ज्यू नसलेले तरुण स्वयंसेवक पानं मांडताहेत.