मांडव्यात दाराची कडी का चावते?

स्थिर विद्युत : कोरड्या हवेतला चटका

समोर समुद्र असताना हवा कोरडी कशी, ही शंका रास्त आहे. पण डिसेंबर ते फेब्रुवारी मांडव्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो. ऊन चढतं आणि खारा वारा सुटेपर्यंत आर्द्रता उतरलेली असते. बंद खोलीत एसी उरलेली वाफही काढतो; बाहेरच्या नळीतून ठिबकतं ते हेच पाणी. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि घर्षणाने साठलेला विद्युतभार त्यावरून हळूहळू निघून जातो. आर्द्रता 40 टक्क्यांखाली गेली की तो अंगावरच साचतो. पॉलिएस्टरचा कपडा, प्लॅस्टिकची खुर्ची, रबरी चप्पल त्यात भरच घालतात. कडीला हात लागताच हा भार एकदम तिच्यात उतरतो. साधारण 3,000 व्होल्टला टोचणी जाणवते, तरी प्रवाह क्षणार्धात संपतो, म्हणून धोका नसतो.

मग दोष वायरिंगचा तर नाही? फरक सोपा आहे. स्थिर विद्युतेचा चटका एकदाच, 'चट्' असा बसतो. फ्रिज किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतच राहिल्या, तर ती विद्युतगळती. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

उपाय खर्चिक नाहीत. सुती कपडे घालावेत, फरशी ओल्या फडक्याने पुसावी, घरात अनवाणी वावरावं, कोरड्या त्वचेला खोबरेल लावावं. कडी धरण्याआधी तिला हातातली किल्ली टेकवावी: ठिणगी किल्लीच्या टोकाला पडते, बोटाला नाही.