बेल्ट, वॉटर पंप आणि खारं पाणी

अमरावती-अकोला रस्ता जून २०२२मध्ये गिनेस बुकात गेला. लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं होतं. रस्ता गुळगुळीत झाला तरी मे महिन्यात गरम झालेले ट्रक कडेला उभे दिसतातच. जवळ जमलेल्या माणसांचं निदान ठरलेलं असतं : "टायमिंग बेल्ट तुटला असंल."

बहुधा त्या ट्रकला टायमिंग बेल्ट नसतोच. टाटा किंवा अशोक लेलँडच्या मोठ्या मालवाहू गाड्यांत क्रँकपासून कॅमशाफ्टपर्यंत गती पोचवतात ते गिअर, रबर नव्हे. तुटतो तो बाहेरचा फॅन बेल्ट. बहुतेक गाड्यांत आल्टरनेटर आणि वॉटर पंप त्याच्यावरच फिरतात, म्हणून बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ तापमानाचा काटा तांबड्यात जातो. लगेच इंजिन बंद केलं तर नुकसान बेल्टपुरतं राहतं. हा बेल्ट घरच्या अंगणातही बदलता येतो.

खरा टायमिंग बेल्ट असतो तो छोट्या गाड्यांत : दोन सिलिंडरचा जुना डिझेल टाटा एस (आपला छोटा हाथी), जुनी अडीच लिटर डिझेल इनोव्हा, डिझेल डस्टर. इथे बेल्ट तुटला की वाल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. 'वरून भेगा दिसत नाहीत, म्हणजे चांगला आहे' हा समज महागात पडतो. रबराच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. त्या आतून खचतात आणि वरून काही कळत नाही. इनोव्हातला 'टी-बेल्ट' दिवा बेल्ट तपासत नाही, नुसते किलोमीटर मोजतो. गाडी कमी चालली तरी रबराचं वय वाढतच असतं, त्यात इथला उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील, तर जे आधी भरेल ते धरावं.

'बेल्टसोबत पंप बदलायलाच लागतो' हे अर्धंच खरं. डस्टरच्या डिझेल इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप गळला तर नव्या बेल्टवर पाणी येतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं, म्हणून तिथे दोन्ही एकदमच बदलावेत. इनोव्हात पंप बाहेरच्या बेल्टवर आहे. तो ठीक असेल तर उगाच खर्च कशाला?

पंप मरतो कशानं, हा आपल्या भागातला मोठा प्रश्न. "पाणी तं पाणीच असते बे," म्हणत रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोटकडच्या माणसाला ते पाणी पिववत नाही, पण गाडीला खुशाल पाजतो. क्षारांची पुटं रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतं, खरखरीत कणांनी पंपाचं सील झिजतं. पंपाच्या अंगावरच्या बारीक छिद्रातून थेंब यायला लागले की सील गेलं समजावं. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यात एम-सील भरणारे पाहिलेत; मग गळणारं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

'आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला?' कूलंटमधली गंजरोधक रसायनं हेच त्याचं इथलं खरं काम. शिवाय डिस्टिल्ड पाण्यात निम्मं मिसळलं तर उकळबिंदू सुमारे १०८ अंशांवर जातो, आणि रेडिएटरच्या टोपणाच्या दाबानं आणखी वर.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचीही रीत आहे. अनेक इंजिनांत त्यानं बायपासची वाट उघडी राहते आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं. एरवी इंजिन थंडच चालतं आणि डिझेल जास्त पितं.

तर टायमिंग बेल्ट घरी बदलावा का? त्या इंजिनाच्या लॉक पिना, टॉर्क रेंच आणि कंपनीचं पुस्तक हाताशी असेल तरच. जुना बेल्ट काढण्याआधी व्हाइटनरनं केलेल्या खुणा मदतीपुरत्या. भरवसा इंजिनावरच्या मूळ खुणांवर ठेवावा. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलरही नवे घ्यावेत. बेल्ट घडी घालून खिशात ठेवू नये, आतल्या दोऱ्या मोडतात. सगळं बसल्यावर पिना काढून क्रँक पान्यानं हातानंच दोन पूर्ण फेरे फिरवावा. मध्ये कुठे अडला तर जोर लावू नये, वाल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो. 'स्टार्टर मारून पाहू' म्हणणाऱ्याला त्या दिवशी चहा पाजून घरी पाठवावं.

काम झाल्यावर जुनं कूलंट अंगणात किंवा नालीत ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं किंवा शेळी ते चाटू शकते. झाकणाच्या डब्यात भरून ते वर्कशॉपमध्ये द्यावं.