नियम एकच, सवलत वेगळी

आपल्या कित्येकींची मुलं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला घर बघताहेत. ‘पर्यावरणपूरक इमारत’ म्हटलं की आपण भुलतो. नियम २०२० पासून दोन्हीकडे सारखाच: भूखंड ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल, तर नव्या बांधकामात पावसाचं पाणी साठवायची किंवा जिरवायची सोय हवीच. फरक घरपट्टीच्या सवलतीत. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पाऊसपाणी यांतली एक सोय चालू असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १०; पिंपरी-चिंचवडला अटी वेगळ्या आहेत. म्हणून पैसे भरण्याआधी गच्चीचा पाइप कुठे उतरतो, ते बघाच. आपल्या लहान घरांना ही सक्ती नाही. पण ५० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० लिटर पाणी. ते का वाहू द्यायचं?