मेशुगाचा ‘नथिंग’ ऐकायचा कसा?

स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमेओ शहरात 1987 साली सुरू झालेल्या मेशुगा या बँडचा ‘नथिंग’ हा अल्बम 2002 साली आला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात गोंगाट, ओरडणं आणि ताल चुकलेली गिटार एवढंच ऐकू येतं. प्रत्यक्षात हे संगीत कमालीचं काटेकोर आहे. त्याची बांधणी ध्यानात आली, की जगभरच्या श्रोत्यांना त्याची ओढ का लागली हेही कळतं.

सुरुवात तारेपासून करू. नेहमीच्या सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, की सेकंदाला सुमारे 82 कंपनं होतात. फ्रेड्रिक थॉर्डेंडाल आणि मोर्टेन हागस्ट्रोम या दोघा गिटारवादकांना याच्या बरंच खाली जायचं होतं. त्यांनी आठ तारांच्या गिटारी बनवून घेतल्या, पण रेकॉर्डिंगच्या वेळी त्या सुरात राहीनात. मग सात तारांच्या गिटारींचा सूर खूप उतरवून अल्बम पुरा केला आणि 2006 साली आठ तारांवर गिटारचे भाग पुन्हा वाजवून तो नव्याने काढला. त्या गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनं सेकंदाला 44च्या आसपास. म्हणजे ती जवळजवळ बास गिटारच्या खर्जाला भिडते.

इतक्या खाली भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर, वाजवले तर नुसता गोंधळ होतो. म्हणून बरेचसे रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, एकेकट्या स्वराचे आहेत. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून पिकने जोरात आघात करायचा. तार घुमत नाही, आघात तेवढा उरतो. डिस्टॉर्शनमुळे त्यातले वरचे उपस्वर ठळक होतात आणि खर्जालाही धार येते. दोन आघातांमधली शांतता तितकीच नेमकी असते. गिटार इथे तालवाद्य होते.

आता मुख्य गोष्ट, लय. ड्रमवादक तोमास हाके झांजेवर सरळ चार ठोके धरून ठेवतो. एकेका ठोक्याचे चार भाग केले, तर एका आवर्तनात 16 भाग होतात. समजा, गिटारचा तुकडा 17 भागांचा आहे. पहिल्या फेरीत दोघं एकत्र निघतात, दुसऱ्या फेरीत गिटार एका भागाने मागे पडते, तिसऱ्या फेरीत दोन भागांनी. आठ आवर्तनांचे भाग होतात 128. गिटारच्या सात फेऱ्या 119 भागांत संपतात, 9 उरतात. तेवढाच अर्धवट तुकडा वाजवून दोघं पुन्हा एका ठोक्यावर येतात. हाकेचे पाय गिटारबरोबर जातात आणि हात झांजेवरचा हिशोब सांभाळतात.

तबल्याची सवय असलेल्या कानाला हा खेळ परका वाटणार नाही. तीनतालात आडवे बोल घेऊन वादक समेवर येतो, तेव्हा मिळणारं समाधान याच जातीचं असतं. फरक एवढाच, की इथे ही चढाओढ जवळपास संपूर्ण गाणंभर चालते. मान झांजेबरोबर डोलत राहते, कान गिटारमागे भरकटतो, आणि दोघं एकत्र येतात त्या क्षणी अंगावर काटा येतो. अल्बमची चाल आधीच्या ‘केऑस्फिअर’ या अल्बमपेक्षा संथ ठेवल्यामुळे ही ओढाताण नीट अनुभवता येते.

गायक येन्स किडमनचा आवाज सुरावटीच्या मागे लागत नाही, तो आणखी एक आघात होतो. या कोरड्या जमिनीवर थॉर्डेंडालचे सोलो निसरड्या, अनपेक्षित स्वरांनी सरकतात. ॲलन होल्ड्सवर्थ या जॅझ-फ्यूजन गिटारवादकाचा त्यांच्यावरचा प्रभाव स्पष्ट जाणवतो. पुढे अमेरिकेतल्या पेरिफेरी, इंग्लंडमधल्या टेसरॅक्ट अशा बँडनी याच पायावर आपलं संगीत उभारलं आणि आठ तारांची गिटार सर्रास विकत मिळू लागली.

ऐकायचं असेल तर या अल्बममधल्या ‘रॅशनल गेझ’ या गाण्यापासून सुरुवात करा. पहिल्यांदा फक्त झांजेवर लक्ष ठेवा आणि बोटाने चार मोजत राहा. दुसऱ्यांदा फक्त गिटार ऐका. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र धरून पाहा. चांगले हेडफोन मात्र लावाच, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून 44 कंपनांचा खर्ज जवळजवळ येतच नाही.