काळ्या पाषाणाच्या गावात करडी भिंत

दिवाणखान्याची भिंत गडद करड्या रंगाने रंगवण्याचा बेत घरातल्या तरुण मंडळींनी जाहीर केला, म्हणजे वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: रंग घराला प्रसन्नता यावी म्हणून द्यावयाचा, की अवकळा यावी म्हणून? चुन्यात नीळ मिसळून भिंती शुभ्र करण्याचा दस्तूर ज्यांनी जन्मभर पाळला, त्यांना ही शंका यावी हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या करवीरनगरीत अंबाबाईचे मंदिर काळ्या पाषाणाचे आहे आणि मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात उभारलेला नवा राजवाडाही काळ्या घडीव दगडाचाच आहे, त्या नगरीत या वर्णावर औदासीन्याचा आरोप सहजासहजी शाबीत होणार नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या शिलारसाचा हा दगड आपण काळा म्हणत असलो, तरी उन्हात तो पुष्कळदा गडद करडाच दिसतो, आणि त्याच्या सान्निध्यात झेंडूचा पिवळा, कुंकवाचा तांबडा व पितळेचा सोनेरी हे वर्ण जितके तेजस्वी भासतात तितके पांढऱ्या भिंतीपुढे भासत नाहीत. शेजारचे रंग एकमेकांचे रूप पालटतात, या अनुभवाची शास्त्रशुद्ध मीमांसा पॅरिसच्या गोबेलिन्स कारखान्यातील रंगखात्याचे प्रमुख मिशेल शेव्रल यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. काळ्या सुताचा रंग निस्तेज असल्याच्या तक्रारींची त्यांनी तपासणी केली, तेव्हा दोष त्या सुताचा नसून त्याला खेटून विणलेल्या निळ्या-जांभळ्या सुताचा आहे, असे निष्पन्न झाले होते.

हाच न्याय भिंतीला लावला, म्हणजे तटस्थ करडा रंग साधणे इतके अवघड का, हे ध्यानात येते. पांढऱ्या रंगात केवळ काजळीच्या जातीचा काळा मिसळला तर त्याला निळसर झाक येते, आणि ती मोडण्यासाठी तपकिरी वा पिवळसर मातकट द्रव्याची किंचित भर घालावी लागते. ही भर अधिक झाली की तोच रंग शेवाळी दिसू लागतो. शिवाय उत्तरेकडील थंड उजेडात निळी झाक वाढते, आणि २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तटस्थ वाटणारी भिंत ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली पोलादी होते. म्हणून शेडकार्डावरील बोटभर चौकोनावर भरवसा न ठेवता मोठ्या फळीवर रंगाचे दोन हात द्यावेत, ती नियोजित भिंतीला टेकवावी, आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर तिची पारख करावी.

प्रकाशाचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा ८० च्या आसपास परत देते, तर गडद करडी शेकडा १० ते १५ देऊन उरलेला गिळंकृत करते. तेव्हा चारही भिंतींना हा रंग देणे म्हणजे उजेडाची जप्तीच होय. खिडकी ज्या भिंतीत असेल ती गडद केली तर बाहेरच्या तेजाने डोळे दिपतात व भिंत अधिकच काळवंडते. खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर मात्र तिरपा प्रकाश सरकत जातो आणि रंगाची खोली प्रकट होते. मात्र हाच तिरपा प्रकाश पुट्टीची प्रत्येक उंचसखल जागा चव्हाट्यावर आणतो, म्हणून घासकाम कसोशीने करून घ्यावे व चकाकी नसलेला मॅट रंग निवडावा.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचा विचारही आधीच करावा. ओल्या भिंतीतून फुटणारा लोणा पांढऱ्यावर काही काळ लपून राहतो, करड्यावर तो पहिल्याच दिवशी उघड होतो. यास्तव ओलीचा बंदोबस्त आधी, रंग मागाहून. पश्चिमेच्या बाहेरील भिंतीला तर हा रंग देऊच नये, कारण दुपारनंतरचे ऊन ती शोषून घेते आणि रात्री खोलीत सोडते.

करडी भिंत स्वतःकडे लक्ष वेधत नाही, पुढे मांडलेल्या वस्तूला ती उठाव देते. म्हणून रंगाऱ्याला विसार देण्यापूर्वी तिच्यापुढे काय राहणार याची यादी करावी: पितळी समई, शिसवी कपाट, आबालाल रहमान यांच्या एखाद्या निसर्गचित्राची प्रत. यादी कोरी राहिली, तर पांढऱ्यावर समाधान मानण्यातच शहाणपण आहे.