इंग्रजीतील देणे-घेणे : कारकविचार आणि वाचनाभ्यास

पैसा आणि काम या विषयांवरील उतारे इंग्रजीच्या अध्यापनात प्रारंभापासूनच विद्यार्थ्यापुढे येतात. त्यांना जोडलेल्या व्याकरणपाठात बहुधा वचनाचा विचार प्राधान्याने केलेला आढळतो : ‘मनी’ व ‘वर्क’ ही नामे अगणनीय, ‘कॉइन’ व ‘जॉब’ ही गणनीय, ‘वेजेस’ हे सामान्यतः अनेकवचनी, इत्यादी. हा विचार आवश्यकच आहे. ‘पैसे आहेत’ असे म्हणण्याची सवय असलेला मराठी विद्यार्थी ‘मनी आर’ लिहून जातो. परंतु या दोषाने वाक्य विरूप होते. त्याचा अर्थ उलटत नाही. व्यवहारविषयक वाक्याचा अर्थ उलटतो तो कारकसंबंध चुकल्यामुळे. द्यावयाचे कोणी आणि मिळावयाचे कोणास, याचा उलगडा न झाल्यास थकलेले वेतन मागणाराच वाचकाच्या लेखी ऋणको ठरतो. नेमणुकीचा हुकूम, कर्जरोखा, पगारपत्रक असे कागद अनेकदा इंग्रजीतच हाती येतात. तेव्हा हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा राहत नाही. प्रस्तुत लेखात या कारकसंबंधांचा आणि तदनुषंगाने वाचनाभ्यासाचा विचार करावयाचा आहे.

व्यवहाराची दिशा मराठीत क्रियापद आणि विभक्ती मिळून दाखवितात. कर्ज देणे–कर्ज घेणे, उसने देणे–उसने घेणे, भाड्याने देणे–भाड्याने घेणे या जोड्यांत व्यवहाराचे नाव एकच राहते आणि ‘देणे’ व ‘घेणे’ या सर्वपरिचित क्रियापदांनी दिशा स्पष्ट होते. इंग्रजीत ही व्यवस्था एकसारखी नाही. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ हे दोन भिन्न धातू असून त्यांच्या रूपावरून त्यांचा परस्परसंबंध कळत नाही. उलटपक्षी ‘रेंट’ हे एकच क्रियापद घरमालक व भाडेकरू या दोघांच्याही क्रियेस लावता येते. दिशा कळते ती पुढील ‘टू’ किंवा ‘फ्रॉम’ या शब्दावरून. ‘ड्यू’ या विशेषणाचेही असेच आहे. ‘ड्यू टू हिम’ म्हणजे त्याचे येणे, ‘ड्यू फ्रॉम हिम’ म्हणजे त्याच्याकडील येणे. जो वाचक अशा लहान शब्दांवरून नजर पुढे सरकवितो, त्याच्या हातून वाक्यातील मुख्य गोष्टच निसटते.

‘ओ’ या क्रियापदाचा विचार विशेष उद्‌बोधक आहे. त्याला मराठीत एकपदी प्रतिशब्द नाही. ‘मी त्याला शंभर रुपये देणे लागतो’ किंवा ‘त्याचे शंभर रुपये माझ्याकडे निघतात’ अशी रचना करावी लागते. प्राचीन इंग्रजीत या धातूचा अर्थ ‘जवळ असणे, मालकीचे असणे’ असा होता. ‘फेडावयाचे जवळ असणे’ अशा प्रयोगातून पुढे त्याला ऋणाचा अर्थ आला. कर्तव्यवाचक ‘ऑट’ हे त्याचेच जुने भूतकालीन रूप होय. ‘त्याचे पैसे माझ्याकडे आहेत’ या मराठी वाक्यातील कल्पना याहून फारशी दूर नाही. संस्कृत वैयाकरणांचेही या संबंधाकडे लक्ष गेले होते. ‘धारयति’ या क्रियापदाच्या योगात उत्तमर्णास, म्हणजे धनकोस, संप्रदान ही संज्ञा पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात (सूत्र ३५) दिली आहे. ऋणको कर्ता, ऋण कर्म आणि धनको संप्रदान, ही मांडणी इंग्रजी ‘ओ’च्या कर्तरि प्रयोगास जशीच्या तशी लागू पडते.

अडचण उत्पन्न होते ती कर्मणि प्रयोगात. ‘त्याला पैसे देण्यात आले’ या मराठी वाक्यात संप्रदानाची विभक्ती कायम राहते. इंग्रजीत मात्र संप्रदान स्वतःच उद्देश्याच्या स्थानी येऊन बसते : ‘ही वॉज पेड’, ‘द वर्कर इज ओड अ मंथ्स वेजेस’. वाक्यारंभीचे प्रत्ययरहित नाम म्हणजे कर्ता, असा समज करून घेतलेला वाचक पहिल्या वाक्याचा अर्थ ‘त्याने पैसे दिले’ आणि दुसऱ्याचा ‘कामगार एका महिन्याचे वेतन देणे लागतो’ असा करतो. दोन्ही अर्थ मूळ अर्थाच्या नेमके विरुद्ध आहेत. शिवाय या प्रयोगात ‘बाय’ने दर्शविला जाणारा कर्ता गाळता येतो, म्हणजे येणे सांगितले जाते, देणारा अनुक्त राहतो.

‘बाय’ आला तरी तो कर्त्याचाच असतो असे नाही. ‘पेड बाय द मिल’ म्हणजे गिरणीकडून, ‘पेड बाय चेक’ म्हणजे धनादेशाने, ‘पेड बाय द डे’ म्हणजे रोजावर, आणि ‘पेड बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत. कर्ता, साधन, परिमाण आणि कालमर्यादा असे चार अर्थ येथे एकाच शब्दाने वाहिले आहेत. त्यांचा निर्णय पुढील नामाच्या अर्थावरून करावा लागतो.

व्यक्तिवाचक नामांच्या जोड्यांतही हाच प्रश्न उद्‌भवतो. ‘एम्प्लॉयर–एम्प्लॉयी’, ‘पेयर–पेयी’ या जोड्या पाहून ‘-ई’ प्रत्ययान्त व्यक्ती म्हणजे पैसे घेणारी, असा नियम विद्यार्थी मनाशी बांधतो. तो टिकत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांत रूढ झालेल्या नॉर्मन वळणाच्या फ्रेंच भाषेतील कर्मणि धातुसाधितापासून हा प्रत्यय आला आहे; ज्याच्यावर किंवा ज्याच्याप्रीत्यर्थ क्रिया घडते ती व्यक्ती, एवढेच तो सांगतो. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार धनादेशातील ‘ड्रॉई’ म्हणजे ज्याला पैसे देण्याचा आदेश दिला आहे तो, अर्थात बँक. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील ‘मॉर्गेजी’ म्हणजे कर्जदार नव्हे, तर मालमत्ता गहाण घेणारा धनको. प्रत्यय पैशाची दिशा दाखवीत नाही, धातूच्या क्रियेची दाखवितो. म्हणून प्रथम धातूचा अर्थ निश्चित करावा आणि मगच व्यक्ती ओळखावी.

अशी संदिग्धता केवळ इंग्रजीतच आहे असे मात्र समजू नये. ‘कामगारांचे देणे थकले’ आणि ‘त्याचे देणे फार झाले’ या मराठी वाक्यांत षष्ठी एकच आहे. तथापि पहिल्यात ती धनकोची, तर दुसऱ्यात ऋणकोची आहे. मातृभाषेतील ही संदिग्धता वाचक संदर्भाने सहज दूर करतो. परभाषेत तेच कार्य त्याला जाणीवपूर्वक करावे लागते.

यावरून वाचनाभ्यासाची दिशा ठरविता येईल. पुढील उतारा पाहावा : ‘द मेन वेअर ओड टू मंथ्स वेजेस. द कॉन्ट्रॅक्टर, हू हॅड नॉट बीन पेड बाय द ओनर, बॉरोड द मनी फ्रॉम अ लेंडर अँड पेड देम बाय द एंड ऑफ द वीक.’ येथे नवीन शब्द जवळजवळ नाहीत. तरीही मजूर, कंत्राटदार, मालक आणि सावकार या चौघांचे परस्परसंबंध केवळ शब्दार्थांनी उलगडत नाहीत. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत : पैसा कोणाकडून निघतो, कोणाकडे पोचतो, आणि देणारा उक्त आहे की अनुक्त? पहिल्या वाक्यात देणारा अनुक्त आहे. तो कंत्राटदार असावा हे दुसऱ्या वाक्यावरून अनुमानाने कळते. दोन ‘बाय’पैकी पहिला कर्त्याचा, दुसरा कालमर्यादेचा. उताऱ्याच्या अखेरीस मजुरांचे येणे फिटले. कंत्राटदाराचे मालकाकडील येणे मात्र फिटल्याचा उल्लेख नाही, आणि सावकाराचे नवे देणे त्याच्या शिरावर आले.

हा हिशेब वाचकास मराठीत बिनचूक मांडता आला, तर उतारा समजला असे म्हणावे. शब्दशः भाषांतर करून घेण्यापेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय आहे. कारण प्रत्येक शब्दाचा प्रतिशब्द योग्य असूनही धनको व ऋणको यांची अदलाबदल झालेली असू शकते. व्यवहारविषयक उताऱ्यांच्या अध्यापनात शब्दसंग्रह व वचन यांबरोबर कारकविचारासही स्थान मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे. वेतनाच्या कागदावर सही करणाऱ्यास त्यातील नाम अगणनीय आहे की नाही हे ठाऊक नसले तरी एक वेळ चालेल. देणे कोणाचे आणि येणे कोणाचे, हे ठाऊक नसून चालणार नाही.